दक्षिणायन संपताना: हनुक्का ते तेकुफात तेवेत, पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी

आधी एक गैरसमज दूर करू. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसाचा वेगळा सण ज्यू धर्मात नाही. २१-२२ डिसेंबरला म्हणायची खास प्रार्थना नाही, ठरलेला विधी नाही, त्या दिवसाची म्हणून बराखाही (ठरलेलं स्तुतिवचन) नाही. जे आहे ते मागेपुढे विखुरलेलं आहे: ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या अखेरीचे आठ दिवे, म्हणजे हनुक्का, तेवेत महिन्याचा पाडवा, दहा तेवेतचा उपास आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली ‘तेकुफा’, म्हणजे परंपरेने मोजलेलं सूर्याचं वळण. हे सगळं धरायचं तर महिना-सव्वा महिन्याचं वेळापत्रक आखावं लागतं.

या सगळ्याला जोडणारी कथा तालमूद या रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) जुन्या ग्रंथातल्या अवोदा झारा या भागात (पान ८अ) आहे. पहिला माणूस आदाम. दिवस लहान होत चाललेले पाहून तो घाबरला. आपल्या पापामुळे जग पुन्हा अंधारात आणि शून्यात चाललंय, मृत्यूची शिक्षा ती हीच, असं त्याला वाटलं. आठ दिवस त्याने उपास आणि प्रार्थना केली. मग तेवेतची तेकुफा, म्हणजे सूर्याचं वळण आलं, दिवस वाढू लागला, आणि तो म्हणाला, ही तर जगाची रीतच आहे. मग त्याने आठ दिवस सण केला, आणि पुढच्या वर्षी दोन्ही अष्टक सणाचेच पाळले. तालमूद पुढे सांगतो की आदामाने हे देवासाठी केलं, नंतरच्यांनी त्याची मूर्तिपूजा केली. रोमन लोकांच्या सॅटर्नालिया आणि कॅलेंड या सणांचा उगम तिथे असा लावलेला आहे. सूर्याचं वळण मान्य, पण सूर्यपूजा नाही. नवख्याने ही हद्द लक्षात ठेवावी, कारण चुका होतात त्या इथेच.

हनुक्का मात्र त्या कथेतून आलेला नाही. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर परत मिळवून शुद्ध केलं, त्याची ती आठवण आहे. आठाचा आकडा जुळतो, ऋतू जुळतो आणि महिन्याची अखेर असल्यामुळे संध्याकाळी चंद्रही नसतो. त्यामुळे बरेच अभ्यासक दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचतात. शेजारी ठेवावं, एकच आहे असं समजू नये.

तारखा आधी लिहून काढा

ज्यू महिना चांद्र, वर्ष अधिक महिन्याने सूर्याशी जुळवलेलं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे हनुक्का इंग्रजी तारखेला बांधलेला नसतो. २०२५ मध्ये तो अयनदिनावरून गेला (१४ ते २२ डिसेंबर), २०२६ मध्ये अख्खा आधी संपतो, तर २०२७ मध्ये २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे वळण होऊन गेल्यावर सुरू होतो. उदाहरणासाठी २०२६ घेऊ:

पहिला दिवा शुक्रवारी ४ डिसेंबरला संध्याकाळी. आठवा दिवा पुढच्या शुक्रवारी, ११ तारखेला. तेवेतचा पाडवा (रोश होदेश) दोन दिवसांचा, १० आणि ११ डिसेंबर. दहा तेवेतचा उपास रविवारी २० डिसेंबरला. आकाशातलं खरं वळण २२ डिसेंबरला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी, भारतीय वेळेने. आणि परंपरेने मोजलेली तेकुफा ६ जानेवारी २०२७ रोजी रात्री साडेदहाला, जेरुसलेमच्या स्थानिक वेळेने. भारतात तेव्हा ७ तारखेचे रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं होत आलेली असतात.

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. कॅलेंडरवर ‘हनुक्का ५ डिसेंबर’ असं छापलेलं असलं तरी पहिला दिवा ४ च्या संध्याकाळी लागतो. पहिल्या वर्षी बहुतेकांची हीच रात्र हुकते.

दोन तेकुफांमध्ये सोळा दिवसांचं अंतर कसं? आपल्या संक्रांतीचं झालं तसंच काहीसं. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागतं आणि तिळगूळ आपण १४-१५ जानेवारीला वाटतो. तिथे कारण वेगळं, निरयन पद्धतीचं. इथे कारण असं की तिसऱ्या शतकातल्या बॅबिलोनियामधल्या श्मुएल या विद्वानाने वर्ष सरळ ३६५ दिवस ६ तासांचं धरलं आणि त्याचे चार समान भाग केले, प्रत्येकी ९१ दिवस साडेसात तासांचे. खरं वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. साधारण १२८ वर्षांत एक दिवस, या हिशेबाने फरक साचत गेला. रब्बींना हे माहीत नव्हतं असं नाही, अधिक काटेकोर गणितही परंपरेत आहे. पण रोजच्या वापरासाठी सोपा आकडा टिकला.

भारतात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. मुंबईत सगळ्यांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, जेरुसलेममध्ये सुमारे १० तासांचा. त्यात मुंबईत सगळ्यांत लवकरचा सूर्यास्त अयनदिनाला होतच नाही, तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन जातो. आणि सगळ्यांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर. ‘आज लवकर अंधारलं’ यावर विसंबून दिवस ठरवू नका. आणि दिव्याची वेळ आपल्या गावच्या सूर्यास्तावरून काढा, न्यूयॉर्कच्या तक्त्यावरून नव्हे.

दिवे: साहित्य

आठ दिवे एका ओळीत आणि एका उंचीवर, शिवाय नववा शामाश, म्हणजे सेवक-दिवा, थोडा उंच किंवा बाजूला. या दिवठणीला हानुक्किया म्हणतात. दुकानात सात फांद्यांची मिळाली तर घेऊ नका, ती मंदिरातल्या मेनोराची प्रतिकृती असते. हानुक्कियाच हवी असंही नाही, पाटावर ओळीने ठेवलेल्या आठ वाट्या चालतात. ज्योतींमध्ये निदान बोटभर अंतर ठेवा, मेणबत्त्या असतील तर दोन बोटं. जवळ ठेवल्या की एकीच्या आचेने दुसरी वाकते आणि दोन ज्योती एक होतात. असा एकवटलेला जाळ ‘शेकोटी’ धरला जातो, दिवा नव्हे. एकाच परातीत तेल घालून कडेने वाती लावण्याची हौसही याच कारणाने सोडावी.

पणत्या वापरणार असाल तर हे ध्यानात ठेवा: साध्या भाजक्या मातीची पणती एका रात्रीनंतर जुनी आणि कळकट मानली जाते, दुसऱ्या रात्री नवी घ्यावी असा शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथाचा नियम आहे. काच, पितळ किंवा चिनी मातीची वाटी धुऊन पुन्हा वापरता येते. कोरडी पणती तेलही फार पिते, म्हणून दोन-तीन तास पाण्यात भिजवून, नीट वाळवून मगच भरा.

तेल ऑलिव्हचं उत्तम, कारण मंदिरातला दिवा त्याचाच होता. पण तालमूद स्पष्ट सांगतो की सगळी तेलं चालतात. कोकणात बेने इस्राएल या इथल्या ज्यू समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत, घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. तेव्हा इथे तिळाच्या तेलाला कमीपणा वाटायचं कारण नाही. (गंमत अशी की या समाजाच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता, तो नंतर आला.) खोबरेल मात्र जपून. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं. डिसेंबरच्या रात्री पुण्या-नाशकात वाटीतलं खोबरेल गोठून वात कोरडी जळते आणि दिवा दहा मिनिटांत मान टाकतो.

वात कापसाची, लांब. फुलवात तुपाला बरी. तेलात ती ढळते, तिला आधार लागतो. वात आधी तेलात बुडवून टोक पिळून घ्या, टोक जेमतेम बाहेर राहू द्या. जास्त बाहेर काढली की काजळी धरते.

किती तेल? दिवा रात्र पडल्यावर किमान अर्धा तास जळला पाहिजे. तुमची वाटी आणि तुमची वात किती पितात हे आदल्या दिवशी एक दिवा लावून घड्याळावर बघा. अंदाज म्हणून साध्या रात्री दिव्याला १५ मिली आणि शुक्रवारी ३० मिली धरू. आठ रात्रींचे मिळून शामाशसह ४४ दिवे होतात. २०२६ मध्ये पहिली आणि आठवी अशा दोन्ही रात्री शुक्रवारी येतात, म्हणजे ११ दिवे दुप्पट तेलाचे. हिशेब ३३ गुणिले १५ अधिक ११ गुणिले ३०, एकूण ८२५ मिली. एक लिटरची बाटली पुरते.

लावण्याची रीत

१. जागा ठरवा. जुनी रीत दाराबाहेर, मेझुझाच्या (चौकटीवरच्या धर्मवचनांच्या डबीच्या) समोरच्या अंगाला. फ्लॅटमध्ये रस्त्याकडची खिडकी. जमिनीपासून साधारण २५ ते ८० सेंटीमीटर उंची चांगली. वरच्या मजल्यावर, रस्त्यापासून ९-१० मीटरपेक्षा उंच असाल तर रस्त्यावरच्या माणसाला दिसण्याचा मुद्दा राहत नाही, मग दारापाशी लावा. जिथे धोका असेल तिथे घरात टेबलावर ठेवावा, तेवढं पुरे, असं तालमूदच म्हणतो. पडदा हात-दीड हात लांब आणि पंखा बंद.

२. भरायचं उजवीकडून डावीकडे. पहिल्या रात्री सगळ्यांत उजवा दिवा, दुसऱ्या रात्री त्याच्या डावीकडचा, असं. उजवं-डावं लावणाऱ्याच्या बाजूने.

३. रात्र पडली की, म्हणजे तीन मध्यम तारे दिसायच्या सुमारास, लावा. मुंबईत डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, तारे त्यानंतर साधारण ३५ मिनिटांनी. पुष्कळ घरांत सूर्यास्तालाच लावतात. मग तेल तेवढं जास्त घाला.

४. शामाश पेटवून हातात घ्या आणि बराखा म्हणा, दिवा पेटवायच्या आधी:

बारूख अता अदोनाय एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्शानू बेमित्स्वोताव वेत्सिवानू लेहद्लिक नेर हनुक्का.

बारूख अता अदोनाय एलोहेनू मेलेख हाओलाम, शेअसा निस्सीम लाअवोतेनू बायामीम हाहेम बाझ्मान हाझे.

फक्त पहिल्या रात्री तिसरी: बारूख अता अदोनाय एलोहेनू मेलेख हाओलाम, शेहेहेयानू वेकिय्येमानू वेहिगियानू लाझ्मान हाझे.

हा सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यू परंपरेचा) पाठ, बेने इस्राएल घरांतला. अश्केनाझी (जर्मनी-पोलंडकडच्या परंपरेचे ज्यू) ‘नेर शेल हनुक्का’ म्हणतात. सराव करताना देवाच्या नावाऐवजी ‘हाशेम’ म्हणा, बराखा उगाच उच्चारायची नसते. घरात पाहुणा म्हणून आलेल्या, ज्यू नसलेल्या व्यक्तीने ‘आम्हांला आज्ञा दिली’ हे वाक्य म्हणू नये. उभं राहून ऐकावं, शेवटी आमेन म्हणावं.

५. नवा दिवा आधी, मग डावीकडून उजवीकडे बाकीचे. एका हनुक्का-दिव्याने दुसरा पेटवायचा नाही, शामाशनेच. मग ‘हानेरोत हालालू’ हा पाठ म्हणतात.

६. अर्धा तास त्या उजेडात वाचायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत, मोबाइल शोधायचा नाही. शामाश आहे तो यासाठीच: नकळत उजेड वापरला गेलाच तर तो त्याचा. स्त्रियांनी या वेळात काम बाजूला ठेवावं अशी जुनी चाल आहे. पाळण्यासारखी आहे, आणि घरातल्या पुरुषांनीही ठेवावं.

नीट तेल घालून, वारा नसलेल्या जागी लावलेला दिवा विझला तर कर्तव्य झालेलं असतं. पुन्हा लावलात तर चांगलं, पण बराखा नाही. वाऱ्यावर किंवा कमी तेलात लावला असेल तर ते लावणं धरलंच जात नाही. विजेच्या माळेवर बहुतेक रब्बी बराखा म्हणू देत नाहीत. वसतिगृहात आगीची परवानगी नसेल तर जिथे लागतो तिथे जा. वाटीत उरलेलं तेल स्वयंपाकात घ्यायचं नाही, आठव्या रात्रीनंतर ते जाळून संपवायचं.

दिवे वाढवतच का न्यायचे? शम्माई या जुन्या रब्बीच्या पंथाचं म्हणणं होतं आठापासून सुरू करून रोज एक कमी करावा. हिल्लेलच्या पंथाचं, एकापासून चढत जावं. निर्णय हिल्लेलकडे लागला, पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये, या तत्त्वावर. लहान होत चाललेल्या दिवसांत ही निवड विशेष कळते. २०२६ सारख्या वर्षी सूर्य अजून खालीच जात असतो आणि आठवा दिवा लागूनही जातो.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रामदिनाच्या) दिव्यांच्या आधी, कारण शब्बाथचे लागले की आग हाताळता येत नाही. ४ डिसेंबरला मुंबईत शब्बाथचे दिवे साधारण पावणेसहाला, तर हनुक्काचे पाच-पस्तीसला, पण पाचच्या आधी नको. ते सात-दहापर्यंत जळायला हवेत, म्हणजे दीड तासाहून जास्त. बाजारातल्या बारीक रंगीत मेणबत्त्या अर्ध्या-पाऊण तासात संपतात. त्या दिवशी तेल किंवा लांब मेणबत्ती. एकदा लावल्यावर हानुक्किया हलवायची नाही, तेव्हा जेवणाच्या टेबलावर अडचण होईल अशी ठेवू नका. शनिवारी तारे दिसल्याशिवाय काडी ओढायची नाही. घरात हावदाला (शब्बाथ संपल्याचा विधी) आधी की हनुक्का आधी याबद्दल दोन्ही चाली आहेत.

याच रात्रीच्या प्रार्थनेतला एक बदल विसरला जातो. इस्राएलबाहेर पावसाची मागणी, ‘तल उमातार’, तिश्रीच्या (शरदातल्या) तेकुफेनंतर साठाव्या दिवसापासून, म्हणजे सध्या ४ डिसेंबरच्या रात्रीपासून सुरू होते (पुढचं इंग्रजी वर्ष लीप असेल तर ५ च्या). शब्बाथच्या आमिदात (मुख्य प्रार्थनेत) ती बराखाच नसते, त्यामुळे २०२६ मध्ये ती प्रत्यक्ष येते शनिवारी ५ च्या रात्री. ही तारीख बॅबिलोनियाच्या शेतीची. कोकणात डिसेंबरातला पाऊस मोहोराचं वाटोळं करतो, पण पाठ तोच.

तेवेतचा पाडवा

हनुक्काच्या सहाव्या-सातव्या रात्री नवा महिना लागतो. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला सकाळी अमावास्या संपते, म्हणजे आपल्याकडे देवदिवाळीचा दिवस. आकाश सगळ्यांत काळं असतं ते या दोन-तीन रात्रींत. ट्युनिशिया, लिबियाच्या ज्यू स्त्रियांमध्ये हा ‘हाग हाबानोत’, लेकींचा सण: मुलींना भेटी, तेलातले गोड पदार्थ, एकत्र दिवे. घरात करायचं तर त्या संध्याकाळी दिवे बायकांनी आणि मुलींनी लावावेत, बराखाही त्यांनीच म्हणावी. हे धर्मशास्त्राला पूर्ण मान्य आहे. तळण काहीही चालतं. मांसाहारी जेवण असेल तर दुधाचे पदार्थ टाळून नारळाच्या दुधावर भागवायचं, बेने इस्राएल घरांत तसंच करतात.

दहा तेवेतचा उपास

बॅबिलोनच्या राजाने जेरुसलेमला वेढा घातला तो दिवस. उत्तर गोलार्धात वर्षातला हा सगळ्यांत तोकडा उपास: मुंबईत पहाटे साधारण पावणेसहापासून संध्याकाळी साडेसहा-पावणेसातपर्यंत, अन्नपाणी दोन्ही वर्ज्य. पहाटे उठून खायचं असेल तर आदल्या रात्री तसं मनाशी ठरवून झोपा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि आजारी माणसांनी करायचा नाही. आदामाचे आठ दिवसांचे उपास कोणी करत नाही आणि करूही नयेत. ज्यांना ती कथा अंगी लावून घ्यायची आहे त्यांना हा एक उपास पुरेसा आहे, २०२६ मध्ये तर तो वळणाच्या दोनच दिवस आधी येतो.

प्रत्यक्ष अयनदिन

नवं काही रचू नका. मनाने बनवलेली बराखा म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेणं. सूर्यासाठी बराखा आहे, पण ती २८ वर्षांतून एकदा, निसानच्या (वसंतातल्या) तेकुफेला: मागची ८ एप्रिल २००९, पुढची ८ एप्रिल २०३७.

रोजच्या प्रार्थनेतच सगळं आहे. संध्याकाळच्या पाठात देव उजेडाला अंधारापुढून आणि अंधाराला उजेडापुढून गुंडाळतो. सकाळच्या पाठात तो उजेड घडवतो आणि अंधार निर्माण करतो. अंधारही त्याचाच, कोणा दुसऱ्या शक्तीचा नाही. २१ डिसेंबरच्या संध्याकाळी पहिला आणि २२ च्या सकाळी दुसरा, अर्थ समोर ठेवून, सावकाश म्हणा. त्यांच्यामध्ये अवोदा झारातलं ते पान दोघा-तिघांनी मिळून वाचा. अर्धा तास लागतो. सोबत १०४ वं स्तोत्र, ज्यात सूर्याला आपला मावळायचा ठिकाणा ठाऊक आहे आणि रात्री रानातली जनावरं बाहेर पडतात. अश्केनाझी चालीत हे स्तोत्र हिवाळ्यातल्या शनिवारच्या दुपारी म्हटलंच जातं. मेणबत्त्या लावायच्याच असतील तर साध्या लावा, आठ-नऊच्या ओळीत नको. हनुक्का संपल्यावर हानुक्किया पेटवली की दोन्हींचा अर्थ पातळ होतो.

तेकुफेचं पाणी

शेवटची चाल मध्ययुगीन आणि लोकांची. तेकुफा बदलायच्या क्षणी उघडं पाणी पिऊ नये. चार तेकुफांना चार प्रसंगांचं रक्त पाण्यात पडतं अशी समजूत, तेवेतची गोष्ट बायबलमधल्या इफ्ताहने नवसापायी बळी दिलेल्या मुलीची. इब्न एज्रासारख्या विद्वानाने हिला आधार नाही असं सांगितलं, तरी पोलंडपासून येमेनपर्यंत ती पाळली गेली आणि रब्बी मोशे इस्सर्लेस यांच्या टिपणांतही तिची नोंद आहे. पाळायची तर सोपी आहे: ६ जानेवारीला रात्री झोपण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात लोखंडाचा स्वच्छ, न गंजलेला तुकडा टाका किंवा झाकणावर ठेवा. शिजवलेल्या किंवा मीठ घातलेल्या पदार्थांना हे लागू नाही. औषध घ्यायचं असेल, तान्हं बाळ असेल तर पाणी द्या, चालीसाठी कोणाला तहानलेलं ठेवायचं नाही. आणि वेळ छापील लुआखमधून (ज्यू पंचांगातून) घेणार असाल तर ती जेरुसलेमची आहे की तुमच्या गावची हे आधी पाहा. भारतासाठी जेरुसलेमच्या त्या जुन्या स्थानिक वेळेत सुमारे तीन तास नऊ मिनिटं मिळवायची, घड्याळाच्या इस्राएली वेळेत साडेतीन तास.